ओल्टमनबाईंचे दक्षिणेकडचे चाळीस एकर

आयोवा, १९ फेब्रुवारी

प्रिय मार्लिनदादा यास, धाकट्या चुलतभावाचा गुडघाभर बर्फातून नमस्कार.

एक कप कॉफी, फुकट. दालचिनीचा एक गोड रोल, चर्चच्या बायकांच्या डब्यात दोन डॉलर. नवी टोपी बियाणेवाल्याने दिलेली, म्हणून तीही फुकट. चाळीस एकर जमीन, एकरी पंधरा हजार तीनशे. एकूण सहा लाख बारा हजार दोन डॉलर, आणि उजव्या मांडीवर पाच निळे डाग (ते व्हर्नाने घातले, त्यांचा हिशेब अजून व्हायचा आहे). दादा, मी जमीन घेतली!

खरं म्हणजे आधी तुझ्या खुब्याची चौकशी करायला हवी होती. आईने तसंच शिकवलं होतं, पण काय करू, परवापासून तोंडात दुसरं काही येतच नाही. तर खुबा कसा आहे? ग्लेनिसवहिनी कशा आहेत? तुम्ही तिकडे ॲरिझोनात फेब्रुवारीत अर्ध्या चड्डीवर हिंडता असं ऐकतो. इथे काल सकाळी मी दार उघडल्यावर कुत्र्याने बाहेर बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि तो परत जाऊन झोपला. बाकी सर्व ठीक. झाली चौकशी. आता ऐक.

ओल्टमनबाई गेल्याचं तुला कळवलंच होतं. शहाण्णव वर्षांची बाई, शेवटच्या आठवड्यातही मक्याचा भाव विचारत होती. एकतीस वर्षांपूर्वी माझ्याकडे एकच ट्रॅक्टर होता आणि तो उतारावर उभा करावा लागे, कारण ढकलल्याशिवाय सुरू होत नसे. बँकेतला माणूस माझ्याकडे बघून घड्याळ बघायचा. तेव्हा या बाईने आपले ऐंशी एकर मला खंडाने दिले. म्हणाली, "ओळी वाकड्या आल्या तरी चालतील, पण रविवारी पेरायचं नाही." मी आजवर रविवारी पेरलं नाही (एकदा पेरलं, पण त्या वेळी ती मिनेसोटात बहिणीकडे गेली होती). आज माझं जे काही आहे ते त्या ऐंशी एकरांतून उगवलं. आणि आता तिची तीन मुलं तीन राज्यांत, मातीशी संबंध कुंडीपुरता. त्यांनी ठरवलं, लिलाव. दुसऱ्या कुणाच्या हाती ती जमीन गेली असती तर माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला रोज त्याचं यंत्र फिरताना दिसलं असतं. व्हर्ना म्हणाली, "पडदे लावू." पण पडद्याने काय होतं, मला आवाजावरून कळतं कुणाचा बेल्ट सैल आहे ते.

लिलाव चर्चच्या हॉलमध्ये, सकाळी दहाला. ऐंशी एकरांचे दोन तुकडे केलेले, उत्तरेकडचे चाळीस आणि दक्षिणेकडचे चाळीस. नियम असा, की ज्याची बोली सर्वांत वर, त्याने त्या भावात हवा तो तुकडा निवडायचा. उरलेल्यावर पुन्हा बोली. उत्तरेकडच्यात ओढा शिरतो, मातीला शंभरात अडुसष्ट गुण. दक्षिणेकडच्या मातीला एक्याण्णव! (माझ्या मुलांना शाळेत कधी मिळाले नाहीत.) नव्वद माणसं जमली होती. डेलमार उलेनहॉप दारातच म्हणाला, "काय रे एल्डन, नवी टोपी? कुणाचं लग्न?" मी म्हटलं, "माझंच, दुसरं. बायकोला बरोबर घेऊन आलोय." व्हर्ना म्हणाली, "नवरीला बघून हुंडा ठरवीन." सगळे हसले आणि भिंतीकडे जाऊन हात खिशात घालून बसले. ते हात शेवटपर्यंत खिशात राहिले. आपल्याकडची रीत तुला माहीतच आहे. जो एवढी वर्षं कसतो त्याच्या तोंडावर शेजारी बोली लावत नाही; नाहीतर पुढची वीस वर्षं त्याच्या शेजारी बसून चर्चमध्ये गाणार कसं? मला वाटलं, दहा हजारात काम झालं.

पण तोंडावर लावत नाही म्हणजे टेलिफोनवर लावत नाही असं नव्हे! कोपऱ्यात, कॉफीच्या भांड्याशेजारी, लिलाववाल्याची पुतणी कानाला फोन लावून बसलेली. मी दहा म्हटलं की ती बोट वर करी. अकरा, बोट. बारा, बोट. फोनवर कुणीतरी निगरगट्ट, बिनचेहऱ्याचा, दुसऱ्याच्या घासावर टपलेला बोका बसला होता, दादा. (माझे शब्द जरा कडक आहेत, पण तुला माझ्या रागाची कल्पना यावी.) कर्नल बेनिंगा बोली पुकारत होता (इथे लिलाववाल्याला कर्नल म्हणतात, याने आयुष्यात बंदूक धरली ती फक्त कोल्ह्यासाठी, आणि कोल्हा अजून आहे). व्हर्नाचा आणि माझा करार होता, चौदा हजार ही हद्द. चौदाला तिने पहिला चिमटा काढला. चौदा शंभरला दुसरा. चौदा दोनशे फोनवाल्याने म्हटले आणि सगळा हॉल माझ्याकडे वळला. कपाळाला घाम, बाहेर शून्याखाली अकरा.

तेव्हा मी उठलो. कर्नलला म्हटलं, जरा पाय मोकळे करतो. कॉफीच्या भांड्याशी गेलो, अगदी सावकाश कप भरला, सावकाश साखर ढवळली (मी साखर घेत नाही), आणि परत आलो तो दुसराच माणूस होऊन. बसायच्या आधीच म्हटलं, "पंधरा तीनशे!" एका उडीत अकराशे! हॉलमध्ये कुणाच्या तरी हातातला रोल खाली पडला. पुतणीने फोनमध्ये आकडा सांगितला, ऐकत राहिली, आणि बोट वर गेलंच नाही. व्हर्नाने उरलेले तीन चिमटे एकदमच काढले आणि म्हणाली, "एवढ्या पैशांत मला तुला तीनदा सोडून जाता आलं असतं." पण दादा, तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही असेल, कॉफी कडक होती.

कर्नलने विचारलं, कोणता तुकडा? नकाशा बघायचाय? मी नव्वद माणसांसमोर म्हटलं, "नकाशा ज्याला जमीन माहीत नाही त्याला लागतो. एकतीस वर्षं त्या शेतात आलो-गेलोय, डोळे बांधून सोडा, कुठला धोंडा कुठे आहे ते सांगेन. दक्षिण!" टाळ्या पडल्या. खोटं नाही सांगत, टाळ्या. फोनवाल्या बोक्याने उत्तरेकडचे चाळीस मागाहून अकरा चारशेला उचलले. ओढा घेऊन बसला. मी घरी येईपर्यंत हसत होतो.

बाकी काही विशेष नाही. खुब्याला जप. वहिनींना नमस्कार.

तुझा,
एल्डन

ता. क. उत्तरेकडचा तुकडा ज्याने घेतला त्याला तो कसायला कुणीतरी लागेलच. तो माणूस लांब राहणारा, उन्हात राहणारा, आणि त्याचा खुबा दुखत असला, तर ट्रॅक्टरवर चढणं त्याच्याने व्हायचं नाही. मी चालू भावाने खंड द्यायला तयार आहे. तुला असा कुणी भेटला तर सांग.

ता. क. दुसरा. दादा, पुरे झालं नाटक. कॉफीच्या भांड्याशी उभा होतो तेव्हा त्या फोनमधून आजीचं कोकिळेचं घड्याळ वाजलं. ती कोकिळा तिसऱ्या हाकेला खोकते. ती जगात एकच आहे आणि तुझ्या भिंतीवर आहे. आणि गेल्या चार जुलैला तूच मक्याचं कणीस खाता खाता म्हणाला होतास, "एकरी पंधरा देईल त्याचं डोकं तपासा." म्हणून पंधराच्या वर उडी मारली. (वरचे तीनशे नुसत्या आनंदाचे.) राग नाही. लहानपणी तूही त्या ओढ्यात माझ्याबरोबर बेडूक धरलेस, तुलाही हवासा वाटला असेल. बोका म्हणालो ते मात्र मागे घेत नाही.

ता. क. तिसरा. आज ऊन पडलं म्हणून व्हर्नाला माझी जमीन दाखवायला नेलं. रस्त्याच्या कडेने दोन फेऱ्या मारल्या. ती म्हणाली, "आत कुठून जायचं?" रस्ता आणि शेत यांच्यामध्ये सहा फूट खोल चर आहे. त्यावर नवी मोरी बांधायला परवानगी जुलैत मिळेल, आणि पेरणी एप्रिलच्या शेवटी. तेव्हा यंदापुरतं तरी तुझ्या तुकड्यातून येऊ दे, काय घेशील ते कळव. एकतीस वर्षं मी ज्या फाटकातून आलो-गेलो, ते उत्तरेला आहे. दक्षिणेकडच्या चाळीस एकरांना फाटक नाही.