शेततळ्याभोवतीच्या साड्या

प्रिय शिवकन्या,

पत्र बघून घाबरू नकोस, घरी सगळे धड आहेत. हे फोनवर मला बोलता येत नाही. तुझा आवाज आला की मी ऊनपाण्याचं विचारून मोकळा होतो. तुझ्या मायलाही सांगितलेलं नाही.

शेततळ्यातले मासे गेले, हे तिनं कळवलंच असेल. आठ दिवस झाडाचं पान हललं नव्हतं. सकाळी गेलो तर रोहू, कटला सगळे पोट वर करून तरंगत होते. लई वाईट वाटलं गं.

अक्षय्य तृतीयेला तू गोव्याहून, समुद्राच्या अभ्यासातून सुट्टी काढून आलीस, तेव्हा मी तळ्याभोवती तुझ्या मायच्या जुन्या साड्या बांधत होतो. रानडुकरांसाठी पिकाला बांधतो तशाच, पण उंच आणि दुहेरी. आपल्या पाली गावात उन्हाळ्याचा वारा पाणी पिऊन जातो, त्याला अडवायचं, एवढंच मला ठाऊक. तू म्हणालीस, "अण्णा, वारा अडवू नका. पाण्याला वारा लागतो." मग समुद्राचं सांगत बसलीस. वारा पडला आणि आभाळ निरभ्र राहिलं की पाणी ढवळलं जात नाही, खालचं गार पाणी वर येत नाही. उन्हाची सगळी धग वरच्या पातळ थरातच राहते. पातेल्यात दूध थोडं असलं की लवकर तापतं, तसा तो थर तापतो. समुद्रातली उष्णतेची लाट ती हीच. शेजारचा बंकट तेवढा कान देऊन ऐकत होता. मी मात्र चारचौघांत म्हणालो, "समुद्राचं शहाणपण समुद्रात ठेव, हे बीड हाय." लोक हसले. तू न जेवताच निघालीस आणि मी तुला थांबवलं नाही.

मासे मेले त्या दिवशी बंकट आला. पाण्यात हात घालून म्हणाला, पोरगी खरं बोलत होती. ते मला असं झोंबलं की संध्याकाळी पारावर जाऊन मी सांगितलं, बंकटनंच तळ्यात औषध टाकलं. तीस वर्षांचा शेजार, पण गावानं माझं ऐकलं. आता त्याच्या ओट्यावर कुणी चहाला बसत नाही. माझ्यासमोरून तो मान खाली घालून जातो. मान मी घालायला पाहिजे.

पाणी मी तपासायला दिलं होतं. विष निघालं नाही. होती नव्हती ती झुळूक साड्यांनी अडवली, पाणी ढवळलं नाही, म्हणून खालच्या पाण्यात प्राणवायूच उरला नव्हता. तो कागद पंधरा दिवस माझ्या सदऱ्याच्या खिशात आहे. काल साड्या सोडल्या. रविवारी पारावर सगळ्यांसमोर तो कागद वाचणार आहे, बंकटचे पाय धरणार आहे. माझ्या लेकीनं आधीच सांगितलं होतं, हेही सांगायचंय. ज्या तोंडानं तुझं हसं केलं, त्याच तोंडानं तिथं तुझं नाव घेऊ का, एवढं विचारायला हे पत्र.

तुझाच, चुकलेला,
अण्णा