ज्यांची तिथी ठाऊक नाही

झाशी, सर्वपित्री अमावास्या. संध्याकाळ.

मीनूचं काय करावं? बंड सत्तावनला झालं, झाशी पडली अठ्ठावनला. हे दोन आकडे माझी बहीण महिनाभर उलटसुलट करते आहे. पंधरा वर्षांची आहे. अक्षरं आणि आकडे तिच्या डोळ्यांपुढे स्थिर राहत नाहीत, म्हणून शाळा सुटली आणि घरी इतिहास शिकवायचं माझ्यावर आलं. मी स्वतः दहावीच्या पुढे गेलो नाही. धड्यातलं काय ठेवावं, काय गाळावं, हे मला कोण सांगणार?

आज आईने नेहमीप्रमाणे एक पान जास्तीचं वाढलं. गदरमध्ये, म्हणजे त्या बंडात, आमच्या घरातले जे गेले, त्यांची तिथी कुणालाच ठाऊक नाही, त्यांच्यासाठी ते पान. मीनू त्या पानापाशी बसून आईला सांगू लागली: तोफा, आग, खंडेराव गेटकडे पळणारी माणसं, घराघरांत शिरलेले गोरे. माझा अख्खा धडा, कुठेही न अडखळता. आणि मी मध्येच विचारलं, "कोणत्या साली?"

तिने त्या पानाकडे बोट केलं. मग म्हणाली, "भैया, यांची तिथी तरी कुठे मालूम आहे आपल्याला? तरी पान वाढलंच ना?"

"घ्या मास्तरजी, द्या आता उत्तर," आई म्हणाली.

ते पान डोळ्यांपुढून जात नाही. उद्यापासून सनावळी बंद, आधी माणसं. बाहेरून द्यायच्या परीक्षेत तेवढे गुण जातील, बाबा रागावतील. त्याचं एवढं नाही. पण मी असं मध्येच अडवल्यावर, आज आईला सांगितलं तसं मीनू उद्या मला सांगेल का, याचीच धास्ती वाटते.