पंधरा फॉर्म, दोन हात

२ मार्च, रविवार

खो-खोचा सीझन संपला. सेमीफायनललेच संपला, आणि त्याच्यात माझा थोडा हात आहे. थोडाच. मॅचच्या आदल्या दिवशी मी ग्रुपवर टाकलं, मॅच पारशिवनीले शिफ्ट झाली. खोटंच. गंमत. मले वाटलं कोणीतरी फोन करून विचारेन. टीमचे सात पोट्टे सरळ पारशिवनीच्या बसमध्ये जाऊन बसले. मैदानात नऊ लागतात, आमचे उरले आठ. वॉकओव्हर.

आज सक्करदऱ्याले आमच्या क्रीडा मंडळाची मीटिंग. सेक्रेटरी गोपाळराव विचारून राहिले, असा मेसेज टाकायले कोणी सांगतलं? मी बुटाकडे पाहून राहिलो. आमचे कोच देवराव सर उभे झाले. म्हणे, मीच सांगतलं होतं, माझी ऐकण्यात चूक झाली. बावीस वर्षं फुकट कोचिंग करणारा माणूस, गोपाळरावांनी सगळ्यांसमोर झापला.

बाहेर आल्यावर सर मले एवढंच म्हणाले, काहून बे भैताडा? भैताड म्हणजे येडपट, सर रोज सगळ्यांलेच म्हणतात.

संकल्प: आजपासून गंमत बंद.

४ मार्च

मंडळाच्या अध्यक्षांची पोरगी अदिती मिहानमधल्या आयटी कंपनीत आहे. तिच्याकडे वर्ष संपलं की सगळ्यांकडून फीडबॅक घेतात, म्हणून आता मंडळातही. पंधरा खेळाडूंनी कोचवर लिहायचं, कोचने खेळाडूंवर. खेळाडूंनी नाव टाकायचं नाही, म्हणजे मोकळं लिहितील. गोळा कोण करन? सर म्हणाले, साहिलले द्या, जिम्मेदारी आली तर सुधरेन.

आयुष्यातली पहिली जिम्मेदारी. बारावी दोनदा राहिली तेव्हा घरातून कुत्र्याले फिरवायचंही काम मिळत नव्हतं.

प्लॅन: रोज पाच फॉर्म. तीन दिवसांत खतम.

७ मार्च

आलेले फॉर्म: एक. सरांचा. जास्तीची पानं जोडून, लिफाफा चिटकवून दिला. म्हणे, जपून दे गा.

पोट्ट्यांचे: शून्य. कॅप्टन अमोल म्हणे, पेन दे. दिला. पेन घेऊन गेला, फॉर्म माझ्या हातात ठेवला.

उद्यापासून रोज आठ.

९ मार्च, रविवार, दुपारी ३

गोपाळरावांचा फोन. संध्याकाळपर्यंत फॉर्म पाहिजेत. मी म्हटलं, तयारच आहेत काका.

आता तयार करून राहिलो.

५.४०

पंधराही झाले. आठ उजव्या हाताने, सात डाव्या. तीन पेन वापरले, एका फॉर्मवर चहा सांडवला. सगळं गोड लिहिलं तर खोटं वाटते, म्हणून टीका टाकली. सर फार ओरडतात. शिट्टी डोक्यात जाते. भैताड म्हणू नये, खेळाडूले मान द्यावा. नंतर काही सुचेना तर सात जागी टाकून दिलं, सरांचं वय झालं, नवीन कोच पाहावा.

एकात वेगळं लिहिलं, सगळे सारखे दिसू नये म्हणून: चूक कोणाचीही असो, सर आपल्या अंगावर घेतात. हा डाव्या हाताचा. तरी सगळ्यात लवकर झाला.

गोपाळराव वाचणार थोडेच. सरळ रद्दीत.

१२ मार्च

गोपाळरावांनी वाचले नाहीत. इथपर्यंत माझा अंदाज बरोबर होता. त्यांनी गठ्ठा सरांले देऊन टाकला.

आज उन्हाळी प्रॅक्टिस सुरू. सरांच्या गळ्यात शिट्टी नाही. अमोलने खो द्यायले उशीर केला. सर म्हणाले, अमोलराव, तुम्ही थोडं वाकले असते तर बरं झालं असतं. अमोल मागे वळून पाहून राहिला, हा अमोलराव कोण आला म्हणून.

म्हणजे फीडबॅकने सुधारणा होते. अदितीले सांगायले पाहिजे.

 

१५ मार्च

पोट्टे परेशान. फाऊल केला तर सर म्हणतात, काही हरकत नाही. अमोल म्हणे, सरांच्या घरी काही टेन्शन आहे का गा? आमचा चंद्रभान तर शिवी खायलेच मुद्दाम लाइनीच्या बाहेर पळाला. सर म्हणाले, छान प्रयत्न, चंद्रभानजी. चंद्रभान रडायलेच आला.

बॅग झटकली तर सरांचा लिफाफा निघाला. द्यायचाच राहिला होता. उघडायचा नव्हता. उघडला.

पंधराही जणांवर अर्धं अर्धं पान. कोणाचा गुडघा दुखते, कोणाच्या घरी अभ्यासावरून कटकट, सगळं. माझ्यावर: पोलवरून वळण्यात मंडळात याच्यासारखा कोणी नाही. पुढच्या वर्षी कॅप्टन करून पाहावा. भैताड आहे, पण मनाने खोटा नाही.

शेवटची ओळ परत वाचली नाही. भाताच्या शिताने लिफाफा चिटकवला आणि गोपाळरावांच्या घरी देऊन आलो.

संकल्प: उद्या सरांले सगळं सांगतो.

१६ मार्च

सर सायकलमध्ये हवा भरून राहिले होते. मी म्हटलं, सर, एक सांगायचं होतं. सर म्हणाले, बोला ना.

बोला!

तोंडातून निघालं, सर, मागचं टायर गुळगुळीत झालं.

१७ मार्च

ऊन फार होतं. असं बोलणं सावलीत करावं.

१८ मार्च

सावलीत अमोल बसला होता.

१९ मार्च

सरांनीच बाजूले बोलावलं. म्हणे, रविवारी मंडळाले राजीनामा देतो. सात जणांनी लिहिलं की वय झालं. पोट्टेच म्हणून राहिले तर मी खुर्ची अडवून काय करू? ग्रुपवर टाकू नका, पोट्ट्यांले शरम वाटेन.

पोट्ट्यांले!

मंग शर्टाच्या खिशातून घडी केलेला फॉर्म काढला. डाव्या हाताचा. म्हणाले, चौदा जणांले मी नको झालो, पण हे एक आहे. नाव नाही, तरी कोणी लिहिलं असन, अंदाज आहे मले. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी म्हटलं, सर, मले क्लासले उशीर होते. मी कोणत्याच क्लासले जात नाही, हे सरांले माहीत आहे.

२२ मार्च, सकाळी ७

आज नाही सांगतलं तर उद्या राजीनामा. निघतो.

९.३०

सांगतलं.

सरांच्या घरी मनकर्णाकाकूंनी तर्री-पोहे समोर ठेवले. मी प्लेट बाजूले सरकवून एका दमात बोललो. पंधराही मीच लिहिले. पोट्ट्यांनी फॉर्म पाहिलाही नाही. त्यांले तुम्हीच पाहिजे, ते तर शिव्या खायले तरसून राहिले.

वाटलं सर हाणतील. मी गाल तयार ठेवला होता.

सरांनी खिशातून तो फॉर्म काढला, टेबलावर उघडून ठेवला. मंग हा पण तुझाच?

मी म्हटलं, हो सर, पण हा खरा आहे. देवाशप्पथ.

सरांनी तो कागद परत एकदा वाचला. म्हणाले, चौदा खोट्यांत एक खरा, मी कसा ओळखू गा?

 काकू म्हणाल्या, पोहे थंडे होऊन राहिले, खाऊन घे. खाल्ले. एवढे तिखट होते की डोळ्यातून पाणी आलं. तिखटानेच आलं असं समजू.

येताना पाहिलं, फॉर्म टेबलावरच होता. खिशात परत गेला नाही.

२३ मार्च, रविवार

सरांनी राजीनामा दिला नाही. मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं नाही. गोपाळरावांले म्हणाले, फॉर्म बरोबर भरले गेले नाहीत, परत घेऊ, चूक माझीच.

परत आपल्याच अंगावर.

पण प्रॉब्लेम सुटला. उद्यापासून सगळं पहिल्यासारखं.

२४ मार्च

सर आले. गळ्यात शिट्टी. पहिल्या मिनिटाले अमोलवर ओरडले, अबे भैताडा, कंबर घरी ठेवून आला का? अमोलचे सगळे दात दिसले. चंद्रभानले दोनदा भैताड मिळालं, तो तर नाचूनच राहिला. एक एक करून चौदाही जणांले मिळालं.

माझा नंबर आला. मी चांगला पळून राहिलो होतो, पण मुद्दाम पोलपर्यंत गेलोच नाही, अर्ध्यातून उलटा फिरलो. साफ फाऊल. आंधळ्याले दिसन असा.

शिट्टी वाजली. मी उभा राहिलो, वाट पाहून राहिलो.

सर म्हणाले, साहिलजी, तुम्ही थोडं बसून घ्या.