येथे फाडा

कुसगाव, गुरुवार, १३ नोव्हेंबर

चहाच्या पुड्यावर ‘येथे फाडा’ असे छापले आहे आणि तिथे बारीक खाचही आहे. सकाळभर ती खाच माझ्या बोटांतून निसटत राहिली. यंत्ररचना शिकवण्यात माझे आयुष्य गेले; एखाद्या विद्यार्थ्याने असले आरेखन आणले असते तर मी ते परत केले असते. कात्री घ्यायची नाही, असे ठरवले. छापलेल्या शब्दाला काही अर्थ असावा की नको?

दुपारी पुडा घेऊन तावातावाने दुकानात गेलो. दुकानदार बाळूभाऊंना सुनावले, “हा माल सदोष आहे. परत पाठवा.”

दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलता बोलता, न पाहताच, त्यांनी त्याच खाचेतून पुडा फाडला. “निघालं की, सर. तुमी लय शिकलेले, म्हनून पुड्यानं भाव खाल्ला.”

सगळे हसले. मीही हसल्यासारखे केले आणि बिस्किटाचा पुडा मागितला. मग आवाज उतरवून त्यांनी विचारले, “बिस्किटाचा पन फोडून देऊ का?”

तो उतरवलेला आवाज मला हसण्यापेक्षा जास्त लागला. तरी “द्या” म्हणालो.

मागच्या महिन्यात सदऱ्याची काजे लहान केली म्हणून मी शिंप्याला झापले होते. खरेच लहान होती का ती?

आत्ता पुण्याहून मुलाचा फोन आला. हे घर बंद करून मी त्याच्याकडे जावे, हा त्याचा जुना हट्ट. “बाबा, एकट्याला जमतंय ना सगळं?”

“उत्तम,” मी म्हणालो. “फक्त हल्ली पुडे फार वाईट बनवतात.”