कालव्याकाठच्या घरांचे हुक

१२ मे २००९, एडमंटन

पुण्याहून येताना काल अ‍ॅमस्टरडॅमला मुद्दाम एक दिवस थांबले. एकटीच कालव्याकाठी भटकले. म्युझियम राहिलंच. बघितलं काय, तर प्रत्येक घराच्या माथ्यावरचा लोखंडी हुक! झोपाळ्याचा म्हणावा, तर घराबाहेर, एवढ्या उंच? शेवटी दारात कुंड्यांना पाणी घालणाऱ्या आजींना विचारलंच. त्या हसल्या. “जिने अरुंद, म्हणून सामान दोरानं खिडकीतून वर घेतो. माझा पियानोसुद्धा तसाच आला.”

पियानो! एका हुकावर! आणि आमचे हे नऊ वर्षं म्हणतात, कॅनडातल्या छताला झोपाळा पेलणार नाही. आईनं दिलेली फळी बेसमेंटमध्ये विंटर टायर्सखाली पडलीय. खरंच पेलणार नाही? मी तरी कधी कुणाला विचारलं?

टायर्स बाजूला केले. फळी पुसून सोफ्यावर ठेवलीय, नेमकी ह्यांच्या जागेवर.