अर्धं वाक्य अर्धंच राहू दे

३ फेब्रुवारी, सोमवार

कोरिनने नवं काम दिलं. ऑफिसात एक अवजार तयार झालंय – कागदपत्रं दुरुस्त करणारं. वापरणार माणसं नाहीत, एआय सहायक. त्यांनी ते कसं वापरायचं, याची माहितीपुस्तिका मी लिहायची.

"त्यांना वाचता येतं ना?" मी विचारलं.

"तुझ्यामाझ्यापेक्षा जास्त वाचलंय त्यांनी, मार्लिस. पण आपल्याकडे पहिल्यांदाच येतायत. घरात आलेला पाहुणा समज. सांगितलं नाहीस तर कुठलंही कपाट उघडेल."

उपसागर पार पलीकडच्या काठापर्यंत गोठलाय.

४ फेब्रुवारी

नियम तसे सोपे. आधी पान पूर्ण वाच, मगच हात लाव. बदलायचा मजकूर जसाच्या तसा दे – एक मोकळी जागा चुकली तरी अवजार नकार देतं. तोच मजकूर पानावर दोनदा असला तरी नकार. कुठला बदलायचा ते त्याला कसं कळावं? प्रत्येक बदलापुढे करणाऱ्याचं नाव आपोआप नोंदलं जातं.

कोरिन म्हणाली, नुसता हुकूम सोडू नकोस, कारण दे. कारण दिलं की ही मंडळी जास्त ऐकतात.

माझ्या नवऱ्याचं, रेइनोचं, उलटं होतं. कारण दिलं की वाद घालायचा.

५ फेब्रुवारी

चाचणीसाठी एखादा कागद हवा होता. रेइनोचा घेतला.

पुतण्यांसाठी बर्फाबद्दल लिहायला बसला होता तो – गोठलेल्या पाण्यावर कुठे चालावं, मासेमारीचं खोपटं कुठे उभं करावं. शेवटी एवढंच आहे: "काळ्या खडकाच्या पलीकडे मात्र". तिथे थांबला, मी जेवायला हाक मारली म्हणून. पुढे मार्चमध्ये खोपटं ओढून आणायला गेला आणि बर्फ फुटला. तो सापडला नाही. कबर नाही. त्याचं असं हे पानच आहे माझ्याकडे.

मूळ पान संगणकात तसंच बाजूला ठेवलं, सहायकाला नक्कल दिली. फक्त स्पेलिंग तपास, म्हटलं.

स्पेलिंग तपासलं. आणि वाक्यही पुरं केलं! "काळ्या खडकाच्या पलीकडे मात्र पाणी जागं असतं. त्याला झोपलेलं समजेल तो मूर्ख."

त्याच्याच आवाजात ऐकू आलं. मी उठून स्वयंपाकघरातला नळ बंद करायला गेले. नळ बंदच होता.

६ फेब्रुवारी

पुन्हा नक्कल दिली. सहायक नवा – यांना आदल्या दिवसाचं काही आठवत नाही. आज लिहिलं: "काळ्या खडकाच्या पलीकडे मात्र माझ्या बापानेही कधी पाऊल टाकलं नाही, आणि तो तर दारू पिऊन छपरावर चालायचा."

सासरे चालायचे छपरावर. पानात ते कुठेच नाही.

७ फेब्रुवारी

कोरिनला दाखवलं. आधी हसली, मग हसायची थांबली.

"गिऱ्हाइकाच्या मृत्युपत्रात असं वाक्य घुसवलं तर? दुकान बंद आपलं. नियम घाल. पुढच्या शुक्रवारी पुस्तिका जायला हवी."

"आणि सासऱ्यांचं छप्पर?"

"अंदाज गं. इथल्या कुठल्याही म्हाताऱ्याला लागू पडेल असा."

असेल. पण नियम घातला की रेइनो गप्प होणार. घातला नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

विल्हो आला. माझा धाकटा दीर. धुरावलेला मासा आणि सॉनाची भट्टी पेटवायला लाकडं घेऊन. आतापर्यंतची वाक्यं त्याच्यापुढे ठेवली.

"वहिनी, दादा एवढा बोलायचा?"

"लिहिताना बोलायचा."

"माझ्या लग्नात त्याने भाषण केलं ते दोन शब्दांचं. त्यातला एक 'बरं' होता."

दोघंही हसलो. बऱ्याच दिवसांनी. लाकडं रचून झाल्यावर, हातमोजे घालता घालता म्हणाला, "हे रोज विचारत जाऊ नकोस. उत्तर कोण देतंय ते माहीत नाही आपल्याला."

११ फेब्रुवारी

विचारलं.

१३ फेब्रुवारी

वाक्यं बदलत चाललीत. बर्फ कमी, घर जास्त. काल माझ्या राखाडी कोटाबद्दल होतं. आज: "काळ्या खडकाच्या पलीकडे मात्र आपल्या खिडकीतला दिवा दिसतो. ती जागी असते."

ते वाचून पडदा ओढला. असं आम्ही कधी करत नाही, समोर नुसता उपसागर आहे.

मग बसून नियम लिहिला. "पानावर जे नाही ते घालू नकोस. अर्धं वाक्य अर्धंच राहू दे." आता कारण द्यायला हवं. तिथे अडले. चहा गार झाला. शेवटी लिहिलं, "कारण ते ज्याचं आहे, त्याला आता विचारता येत नाही."

ऑफिसात नेऊन दाखवलं. कोरिनने वाचलं. एरवी माझी प्रत्येक ओळ खोडते. आज एक शब्द बदलला नाही. जाताना खांद्यावर हात ठेवून गेली.

घरी येऊन थोडं रडले. वाईट वाटून नाही – दार लावून घेतल्यावर वाटतं तसं.

१४ फेब्रुवारी

नियमासकट शेवटची चाचणी. सहायकाचा अहवाल आला: "स्पेलिंग तपासलं. नियमाप्रमाणे काहीही जोडलेलं नाही. शेवटचं वाक्य मी उघडलं तेव्हा पूर्णच होतं."

मूळ पान उघडलं. "काळ्या खडकाच्या पलीकडे मात्र बर्फ चांगला आहे. मार्लिस, ये." बदलापुढे कुणाचंच नाव नाही.

अख्ख्या संसारात रेइनोने मला एकदाही नावाने हाक मारली नाही.