शांत माणसाचं कोलेस्टेरॉल

३ जून
डॉ. मेघा बायपोलर पेशंटचा स्वभाव, उतावळेपणा आणि रक्तातली चरबी यांवर रिसर्च करतात. त्यात मला घेतलं. आदर्श पेशंट. फॉर्ममध्ये 'विचार न करता वागता का?' छापाचे प्रश्न. न वाचताच सगळीकडे 'कधीच नाही'. रक्त उपाशी पोटी द्यायचं होतं. पण उपाशी असलो की मला राग येतो, म्हणून आधी दवाखान्याच्या गेटवर तर्री-पोहे खाल्ले. तर्री डबल, वर तेलाचा लाल तवंग.

२२ला समुद्रपूरला नातीचं बारसं. लेक चारुताची अट: बाबांनी गोळ्या चुकवायच्या नाहीत, तमाशा करायचा नाही. तिच्या लग्नात मी फक्त बँडवाल्याचा ढोल फोडला होता, त्याला हे लोक अजून तमाशा म्हणतात! असो. नातीला मांडीवर घ्यायचंच आहे. संकल्प: २२पर्यंत शांत.

६ जून
रिपोर्ट आला. ट्रायग्लिसराइड्स भयंकर. डोकंच फिरलं. दोष उघड गोळ्यांचा. मूडच्या गोळ्यांनी चरबी वाढू शकते, असं नेटवर लिहिलंय. तर्रीबद्दल मी पाहिलं नाही. नातीला निरोगी आजोबा हवा. गोळ्या बंद. बायकोला, सुमतीला सांगितलं नाही, उगाच काळजी करत बसते.

१० जून
घरात तेल बंद. सुमती म्हणाली, फोडणीपुरतं तरी राहू द्या. पिपा नेऊन नालीत ओतला. शांतपणे. शेजारचा प्रफुल बाहेर सांडलेल्या तेलावर घसरला आणि वर मलाच बोलला. लोकांना आरोग्याची किंमतच नाही.

१४ जून, पहाटे
झोप लागत नाही, म्हणजे चरबी उतरतेय. जवसाचं तेल चरबी उतरवतं, म्हणून त्याची घाणी ऑनलाइन बुक केली. विक्रीची सुरुवात आमच्या पिपरी मेघे गावापासून, मग अख्खा वर्धा जिल्हा.

१८ जून
सुमतीला न उघडलेली गोळ्यांची पाकिटं सापडली. रडली. मी ओरडलो नाही, माझा आवाजच मोठा आहे. तिनं डॉ. मेघांना फोन लावून दिला. त्या म्हणाल्या, आजच या. आणि रक्त दिलं त्या दिवशी उपाशी होतात ना? मी फोन कट केला. असले संशयी डॉक्टर!

२२ जून
सुमती म्हणाली, जाऊ नका. निघालो. ती मागोमाग आली. बसमध्ये कंडक्टरशी वाजलं, चूक त्याची. बारशात पाहतो तर तेलात भजी! गॅस बंद केला, सिलिंडर उचलून रस्त्यावर नेऊन ठेवला आणि मांडवात सगळ्यांना चरबीवर चार शब्द सांगितले. जावयानं दंड धरला. पाळण्यातली नात दचकून रडायला लागली. घ्यायला हात पुढे केले, तर चारुता तिला उराशी धरून मागे सरकली.
"बाबा, मले तुमच्या चरबीचं भेव नाई वाटत. तुमचंच वाटते."

२३ जून
दवाखान्यात गेलो. डॉ. मेघांना तर्रीचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. हसल्या असत्या तर बरं झालं असतं. टेस्ट पुन्हा होणार. गोळ्या सुरू.

रात्री सुमतीनं पाणी आणून दिलं. मी विचारलं, पोरीचं नाव काय ठेवलं?
"आत्यानं सांगतलं तवा तुम्ही ओरडून राह्यले होते," ती म्हणाली. "मले बी ऐकू नाई आलं."